तुम्ही प्लँट बंद केला होता

बाबा,

तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. तरी लिहिते. सातवीपर्यंत शाळेत घातलंत, त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. दुपारचे तीन वाजलेत. जेवणाची शेवटची पंगत उठली आहे, मागे भांडी घासताना बायकांच्या गप्पा चालल्यात, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वहीचं मधलं पान फाडून घेतलं आहे. मला पाल्हाळ लावायला आवडत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण हे एका पानात मावेल असं वाटत नाही.

मी पुण्याजवळ मांजरी गावात एका कंपनीचं कँटीन बघते. कंपनी काय करते ते ऐकलंत तर तुम्ही हसाल. पाणी फोडायचं मशीन करते. तुमचंच काम. वीज सोडायची, पाण्यातला हायड्रोजन एकीकडे काढायचा, ऑक्सिजन दुसरीकडे, दोन्ही मिसळू नयेत म्हणून मध्ये कापडाचा पडदा. तुम्ही लोक त्याला नुसतं 'सेल' म्हणायचात. इथे त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, आणि ते बघायला परदेशातून माणसं येतात, फोटो काढतात, माझ्या हातचं पिठलं खाऊन घाम पुसतात. तुमच्या वेळी तुमचं डिपार्टमेंट बघायला कोणी येत नव्हतं. वनस्पती तुपाच्या कारखान्यात सगळ्यात मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून ती खोली होती. तेलाचं तूप घट्ट व्हायला हायड्रोजन लागतो, म्हणून ती खोली. तूप खाणाऱ्यांना ती माहीत नव्हती आणि कारखान्यातले लोक तिच्या बाजूला फिरकत नव्हते, कारण तिथे बिडी ओढता यायची नाही.

मला मात्र तुम्ही एकदा नेलं होतं. खंडेनवमी होती, मी आठ-नऊ वर्षांची. कामगारांनी बायका-मुलांना आणायचं, यंत्रांची पूजा बघायची, पेढा खायचा, घरी जायचं. बॉयलरवाल्यांनी केवढी आरास केली होती. दिवे, उदबत्त्या, नारळ, कापूर, आरती. डबे भरणाऱ्यांकडे सुद्धा समई होती. तुमच्याकडे काय, तर लोखंडी टाक्यांची रांग, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि प्रत्येक टाकीवर एकेक झेंडूचं फूल. बास. मी रडवेली झाले. माझ्या बरोबरीच्या मुली आरतीचं तबक धरून मिरवत होत्या आणि माझ्या बापाच्या देवापुढे साधं निरांजन नाही. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "इथं दिवा नाई चालत वं. इथला देव फुलावर भागवते." मला तुमच्या त्या बोलण्याचीही लाज वाटली. यवतमाळ सोडून तुम्हाला इतकी वर्षं झाली होती, शनिवार पेठेत राहत होतो, आणि तुमचं 'वं' काही सुटत नव्हतं. शेजारच्या मुली नक्कल करायच्या. मीही करायची, त्यांच्यात बसून. हे तुम्हाला माहीत नसेल. आता कळवून ठेवते.

घरीसुद्धा तुमची ती खोली तुमच्याबरोबर यायची. स्टोव्ह पेटवायच्या आधी तुम्ही खिडकी उघडायचात. थंडी असो, पाऊस आत येवो, आधी खिडकी, मग काडी. आई वैतागायची. "अहो, हा रॉकेलचा स्टोव्ह आहे, तुमची कंपनी नाही." तुम्ही म्हणायचात, "हाताले सवय राहू दे." चाव्यांचा जुडगा तुम्ही कधी खिशात ठेवला नाहीत. चप्पल सुद्धा खिळे नसलेली. तिकडे पाने-हातोडे सगळे पितळेचे असतात, लोखंडाचे चालत नाहीत, ठिणगी पडते, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत सांगितलं असतं. आणि तो आवाज. तुम्ही नळीत गॅस धरायचात, खोलीपासून लांब अंगणातल्या ओट्यावर न्यायचात आणि काडी लावायचात. गॅस चांगला असेल तर नुसतं फुप् होतं. ऑक्सिजन मिसळला असेल, म्हणजे स्फोटाची भीती, तर कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडल्यासारखं कुईं. ते कुईं तुम्ही तोंडाने करून दाखवायचात आणि मी लहानपणी लोळायची हसून. मोठी झाल्यावर मात्र पाहुण्यांसमोर करू नका म्हणून बजावलं होतं तुम्हाला.

आता त्या वर्षाचं लिहायला पाहिजे, उगाच स्टोव्हवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आपल्या गल्लीत पहिल्यांदा केबल आली ते वर्ष. कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं खोकं लागलं होतं, आणि तुमच्या कारखान्यात नवे साहेब आले होते, टाय लावणारे. माझं लग्न ठरलं होतं. कात्रजला राहणारी माणसं, मुलगा एका वर्कशॉपमध्ये, आणि त्यांची एकच मोठी अट, मुलीचा बाप परमनंट नोकरीत हवा. तुम्ही होतात. दिवाळी तोंडावर होती, तुपाला मागणी, कारखाना तिन्ही पाळ्या चालत होता. आणि तुम्ही भर पाळीत प्लँट बंद केलात. प्रयोगशाळेने सकाळीच गॅस ठीक म्हणून लिहून दिलं होतं. तुम्ही दुपारी नळी धरली, काडी लावली, आवाज कुईं आला. परत लावली, परत कुईं. तिसऱ्यांदा लावली आणि मग कोणाला न विचारता वीज तोडलीत, व्हॉल्व्ह फिरवलात. पुढच्या टाकीत तेल अर्धवट तूप होऊन पडलं. सगळा घाणा वाया. तुम्हाला त्याच दिवशी गेटच्या बाहेर काढलं, सस्पेंड म्हणून, आणि पाठोपाठ एक इंग्रजी कागद घरी आला, ज्यात तुमच्यावर आरोप होते.

तुम्ही घरी बसलात. मला घरात बसलेला पुरुष बघायची सवय नव्हती. तुम्ही मटार सोलायचात, आईला पीठ चाळून द्यायचात, खिडकी उघडायचात. मी दिवसातून दहा वेळा विचारायची, "पण बाबा, प्रयोगशाळेने ठीक म्हटलं होतं ना? मग तुम्हाला काय पडलं होतं?" तुम्ही शांतपणे सांगायचात, "ते सकाळचं होतं. मी दुपारचं ऐकलं." मला त्या शांतपणाचा संताप यायचा. एक दिवस होणाऱ्या सासूबाई सहज म्हणून येऊन गेल्या. चहाचा कप खाली ठेवला, तुमच्या पुढ्यातल्या मटारकडे बघितलं आणि आईला म्हणाल्या, "हे हल्ली घरीच असतात वाटतं? बरं आहे, तुम्हाला मदत होते." त्या गेल्यावर मी तुम्हाला जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला आठवत असेल. मला शब्दाला शब्द आठवतं.

त्या कागदाला उत्तर द्यायचं होतं. तुम्हाला सही यायची, वाचायला तुम्ही अक्षराला अक्षर लावून वाचायचात, लिहायचा कंटाळा. "माही लेक लिहिते," असं तुम्ही कारखान्यात सांगून आला होतात. शाळेत माझं डोकं चाललं नाही, पण अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याचं कौतुक एकट्या तुम्हालाच होतं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर, मी पोळपाट उपडा घालून त्यावर कागद घेतलेला. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते.

"लिही, तीनदा काडी लावली. तिन्ही बार आवाज कुईं आला."

"कुईं असं लिहू साहेबांना?"

"मंग काय लिवशीन? तसाच आला नं तो."

"लोक हसतील, बाबा."

"हसू दे. पुढं लिही. सेलमधलं कापड फाटलं असंन. खोलून पाहा, मंग मले सांगा."

आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "तिला लिहू द्या हो सरळ. तिलाच लग्न करायचंय." दोन पानं झाली. तुम्ही मला ती दोनदा वाचून दाखवायला लावलीत. दुसऱ्या वेळी तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, आणि संपल्यावर म्हणालात, "हाव. असंच झालं."

दुसऱ्या दिवशी मी ती पानं घेऊन कारखान्यात गेले. तुम्हाला सांगितलं होतं की मैत्रिणीकडे जाते. मला वाटलं साहेबांना भेटून नीट बोलावं, म्हणजे लवकर निकाल लागेल. मला दम कधी धरवतच नव्हता. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, अहोजाहो केलं. आजवर मला कोणी अहोजाहो केलं नव्हतं. त्यांनी तुमची दोन पानं वाचली, कुईंपाशी जरा थांबले, आणि घडी घालून मला परत दिली. "हे बघा, तुमच्या वडिलांना कामावर यायचंय, मलाही अनुभवी माणूस हवाय. भांडण कशाला? हे उत्तर दिलंत तर चौकशी बसेल, ती वर्षभर चालेल. त्यापेक्षा साधा माफीचा अर्ज द्या. मी सांगतो, तुम्ही लिहा. अक्षर तुमचं सुंदर आहे." मी तिथेच लिहिलं, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या पेनाने. माझ्या ऐकण्यात चूक झाली. गॅस चांगला होता. मी घाबरून विनाकारण प्लँट बंद केला व कंपनीचे नुकसान केले. पुन्हा असे होणार नाही. चार ओळी. चांगल्या काढल्या.

घरी आले तर तुम्ही दारातच होतात, रेशनच्या रांगेला निघालेले, पिशवी हातात. मी म्हटलं, "सही करा, टपाल जायच्या आत द्यायचंय." तुम्ही कागद भिंतीला टेकवलात. मला वाटलं आता वाचतील. एक पान आहे, दोन नाहीत, हे दिसायला वाचता यावं लागत नाही. तुम्ही विचारलंत, "समदं लिहिलं नं?" मी म्हटलं, "हो. परत नीट काढलं, बारीक अक्षरात." तुम्ही सही केलीत. मग तुमची ती दोन पानं मी दुपारी स्टोव्हवर धरली. खिडकी न उघडता.

चार दिवसांत तुम्हाला परत बोलावलं. तुम्ही दाढी केलीत, आईने ओवाळलं, मी सासरी निरोप धाडला. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, पानावर बसलात. आईने विचारलं, "काय म्हणाले?" तुम्ही म्हणालात, "काई नाई." भात कालवलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "साहेबानं कागद दाखवला. अक्षर मस्त काढलं वं तू." आणि जेवलात. बाबा, तुम्ही आरडाओरडा केला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही ताक सुद्धा मागून घेतलंत.

तुम्हाला सेलच्या खोलीत परत घेतलं नाही. डबे भरायला टाकलं. माझं लग्न झालं. तुम्ही मांडवात धोतर नेसून उभे होतात आणि कोणी विचारलं तर सांगत होतात, परमनंट आहे. पुढे माहेरी आले की आई म्हणायची, "ह्यांचं एक बरं झालं, थंडीत खिडकी उघडायची सवय गेली." मी बघितलं, खरंच गेली होती. तुम्ही काडी ओढायचात आणि सरळ स्टोव्हला लावायचात. आईला तो आराम वाटत होता.

पुढे विजेचे दर वाढले, बाहेरून स्वस्त तेल यायला लागलं, साहेबांनी हिशेब केला आणि तुमचे ते सेल भंगारात गेले. गॅस सिलिंडरमधून यायला लागला, कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात खनिज तेलापासून काढलेला. मग कारखानाच गेला. तिथे काचेच्या इमारती उठल्या, कॉम्प्युटरवाल्यांच्या. तुम्ही त्या रस्त्याने परत गेला नाहीत. मला मात्र नवरा गेल्यावर पहिलं काम मिळालं ते तिथल्याच कँटीनमध्ये, आणि तुमची खोली नेमकी कुठे असेल हे मी कधी शोधलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःची एकच समजूत घालत होते. तुम्ही घरी होतात तेव्हाही प्लँट चालू होता, आणि काही फुटलं नाही. म्हणजे तुमचंच चुकलं असणार. म्हणजे मी लिहिलं ते खोटं नव्हतं. ही समजूत तुमच्या दहाव्यापर्यंत टिकली. ओंकारेश्वरावर तुमच्या पाळीतला एक माणूस आला होता, मांजरीकडचा शेतकरी, तुमच्याबरोबर सेलवर असायचा. कावळा शिवायची वाट बघत आम्ही उभे होतो. तो म्हणाला, "तुझ्या बापाचं खरं हुतं, पोरी. शटडाऊनला सेल उघडला तवा आतलं कापड वीतभर फाटल्यालं निघालं. मी सोता पाह्यलंय."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलनार? त्यानंच लिहून दिल्यालं. साहेबानं समद्या पाळीला उभं करून मोठ्यानं वाचून दाखवलं, ऐकन्यात चूक झाली म्हनून. ह्यो खाली बघत उभा. आम्ही म्हनलं, लिहून देतोय म्हंजी असंल बाबा चूक. लिहून दिल्याल्या मानसाची बाजू कशी घ्यायची?" मग तो म्हणाला, "पन एक कळंना बघ. त्यानं लिहून दिलं कसं? तो तसला मानूस नव्हता."

मी म्हटलं, "चहा घेणार का?" आणि आणायला गेले.

आता इथलं सांगते. या कंपनीत एक इंजिनीयर मुलगी आहे, माझ्या मुलीच्या वयाची, सगळ्यांना भरभर समजावते आणि स्वतःचा डबा विसरते. एकदा मीच तिला विचारलं, "तुमच्याकडे एवढा गॅस बनतो, मग आमच्या शेगड्यांना का नाही देत? सिलिंडर उचलून कंबर जाते माझी."

ती म्हणाली, "मावशी, चुलीला हा देणं म्हणजे वेस्ट आहे. वीज आहे ना, डायरेक्ट विजेची शेगडी लावा. विजेपासून गॅस बनवायचा आणि तो परत जाळायचा, यात बरीचशी वीज वाटेतच जाते."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"जिथे नुसत्या विजेने भागत नाही तिथे. खनिजातून लोखंड काढायच्या भट्ट्या, खत, मोठी जहाजं. खताला तर हायड्रोजन लागतोच, आज तो जमिनीतल्या गॅसपासून काढतात आणि धूर वर सोडतात. तो आपण पाण्यापासून काढायचा, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेवर."

"पाण्यापासून तर पूर्वीही काढायचे," मी म्हटलं. तोंडातून गेलं. "माझे वडील काढायचे."

ती डबाच विसरली परत. खुर्ची ओढून बसली आणि मला एकेक विचारत सुटली. सेल केवढे होते, मध्ये कापड कसलं होतं, वीज कुठून यायची. वीज बोर्डाची, म्हणजे कोळशाची, असं मी सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे तुमच्या वडिलांचा हायड्रोजन स्वच्छ नव्हता मावशी, पण पद्धत हीच." तुमच्या गॅसला कोणी अस्वच्छ म्हटलेलं मला आवडलं नाही. पण तिचं बरोबर असणार, ती शिकलेली आहे. मग मी तिला काडीचं सांगितलं. फुप् आणि कुईं. इथे आता सगळं काचेवर आकड्यात दिसतं, कोणाला काडी लावायला लागत नाही. तरी ती म्हणाली, "करून दाखवा ना, कसा आवाज." आणि मी, बाबा, भर कँटीनमध्ये, पन्नाशी उलटलेली बाई, कुईं करून दाखवलं. दोन टेबलं टाळ्या वाजवून हसली. तुमच्यावर नाही हसली. बरं वाटून हसली.

मग सुरक्षेचा कार्यक्रम आला, आणि तिने मला स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, हार, सगळं. तुमच्यासाठी. आमच्या मावशींचे वडील आपल्याच कामातले होते, असं तिने माइकवरून सांगितलं. मग भिंतीवरचं लाल बटण दाखवून ती नव्या मुलांना म्हणाली, "शंका आली की कोणीही हे दाबायचं. साफसफाईवाल्यांपासून कोणीही. दाबल्यावर गॅस चांगला निघाला तरी चालेल. त्याच्याकडून खुलासा घ्यायचा नाही, माफी तर नाहीच. आवाज वेगळा आला आणि तरी प्लँट चालू ठेवला, चूक ती." ती हे घडाघडा बोलून गेली. मी मांडीवरची शाल घट्ट धरून बसले होते. आणि पुढच्या रांगेतून एकाने हात वर करून विचारलं, "मावशी, तुमच्या वडिलांनी कधी असा प्लँट बंद केला होता का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रश्न सरळ होता. मी म्हटलं, "नाही. तशी वेळच आली नाही कधी."

का म्हटलं, ते मला धड सांगता येत नाही. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं? आणि मग मी काय सांगणार होते? बापाने बंद केला आणि लेकीने लिहून दिलं की तो घाबरट आहे? तुमच्या सबंध नोकरीत मोठं म्हणावं असं तुम्ही एकच केलंत, आणि ते मी एकदा साहेबांच्या टेबलावर बसून पुसलं, आणि दुसऱ्यांदा हार गळ्यात घालून.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. त्या मुलीला बाहेरच्या भिंतीवर तुमचा फोटो लावायचा होता. तिने मला अर्धं पान लिहून मागितलं, तुमच्याबद्दल. "तुमच्याच शब्दांत लिहा मावशी, मी काही बदलणार नाही." मी लिहिलं. पाण्यापासून गॅस काढायचे, पितळेचे पाने वापरायचे, देवापुढे दिवा लावायचे नाहीत. सगळं खरं. आणि शेवटी लिहिलं की इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून प्लँट एकदाही बंद पडला नाही. मला ती तुमची स्तुती वाटली लिहिताना. खरंच वाटली. दिवसभर कँटीनचं काम करून लिहिलं होतं, एकदा संपवायचं होतं. तिने काचेत घालून लावलं. लोक चहाचा कप हातात घेऊन वाचतात. तुम्ही शेजारी फोटोत उभे आहात, आणि त्याच्याखाली लिहिलंय की तुम्ही कधी काही बंद केलं नाही.

त्या मुलीला सांगितलं तर ती काही बोलणार नाही. उलट नवीन कागद लावेल, आणि तुमचं खरं नाव होईल. तुमच्या नावाला लागलेलं ते काढायला मला फक्त तिच्या टेबलापर्यंत चालत जायचंय. पण तुम्ही बरोबर होतात हे सांगायचं, तर तुमच्याकडून माफी कोणी लिहून घेतली तेही सांगायला लागणार, आणि ती मुलगी मला मावशी म्हणते. रोज डबा विसरते, आणि मी तिच्यासाठी दोन पोळ्या बाजूला ठेवते.

सोमवारी सांगते असं मी ठरवलं होतं. आज सोमवार आहे. हा तिसरा. ती आत्ताच चहा घेऊन गेली, आणि मी तिला म्हटलं, साखर बरोबर आहे ना.